घर तुमचं, जमीन सिडकोची : बडोद्याहून नवी मुंबई समजून घेताना

नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झालं आणि बडोद्यातल्या मराठी घरांमध्ये एक जुना विषय पुन्हा वर आला. मुलगी-जावई तिकडे, नाहीतर मुलगा ऐरोलीच्या आयटी कंपनीत, आणि आता उलव्यात किंवा खारघरला फ्लॅट घ्यायचा विचार. सगळं जुळतं, कर्जही मंजूर होतं, आणि कागद वाचता वाचता घरातली वडीलधारी माणसं एका ओळीवर अडतात : जमीन सिडकोच्या (नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी कंपनीच्या) मालकीची, भाडेपट्टा साठ वर्षांचा. एवढे पैसे मोजून जमीन आपली नाहीच? ज्यांच्या आजोबांचा दांडिया बाजारात वाडा होता त्यांच्या पचनी हे पडत नाही. फ्लॅट विकताना पुन्हा सिडकोची परवानगी लागते आणि तिचे वेगळे पैसे भरावे लागतात, हे कळल्यावर तर संशय पक्काच होतो.

यात फसवणूक नाही. पण हा नियम का आला हे कळायला ते शहर मुळात कशाच्या जोरावर उभं राहिलं ते बघावं लागतं. माझं म्हणणं आधीच सांगून टाकलेलं बरं. नियोजित शहराचा नकाशा कितीही देखणा असो, त्याचा स्वभाव ठरतो तो शेताचा भूखंड झाल्यावर वाढलेला भाव कुणाच्या पदरात पडला यावरून. नवी मुंबईने याचं एक उत्तर दिलं. आपण बडोद्यात रोज ज्या टीपीच्या, म्हणजे टाउन प्लॅनिंग स्कीमच्या, गप्पा मारतो, ते दुसरं उत्तर.

खाडीपलीकडे शहर काढायचं कुणाला सुचलं

मुंबई लांबट आहे. नोकऱ्या दक्षिणेच्या टोकाला आणि माणसं राहायला उत्तरेला, त्यामुळे सकाळी सगळा लोंढा एका दिशेने आणि संध्याकाळी उलट. स्वातंत्र्यानंतर हे ताणत ताणत असह्य व्हायला लागलं. १९५८ मध्ये स. गो. बर्वे यांच्या अध्यक्षतेखाली एक अभ्यासगट नेमला गेला. ठाणे खाडीवर पूल बांधा आणि वस्ती पलीकडे न्या, असं त्याने सुचवलं.

पुढे १९६५ मध्ये चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी ‘मार्ग’ या नियतकालिकात पलीकडच्या शहराची कल्पना नीट मांडली. पहिले दोघं वास्तुविशारद, पटेल अभियंता. मुंबई अजून उत्तरेकडे लांबवण्यापेक्षा पूर्वेला खाडी ओलांडा, हा त्यांचा मुद्दा. सरकारने आपली कार्यालयं आधी हलवली की बाकीचे मागोमाग येतील, हा त्यांचा हिशेब. ठाणे-बेलापूर पट्ट्यात कारखाने तर येऊ लागलेच होते.

१७ मार्च १९७० ला सिडको, म्हणजे शहर आणि औद्योगिक विकास महामंडळ, ही सरकारी कंपनी स्थापन झाली. पुढच्या वर्षी नवं शहर वसवण्याचं काम तिच्याकडे आलं. क्षेत्र ३४४ चौरस किलोमीटर, त्यात ठाणे आणि तेव्हाच्या कुलाबा (आताच्या रायगड) जिल्ह्यातली ९५ गावं. उद्दिष्ट वीस लाख वस्तीचं. एकच मोठं शहर न करता चौदा ‘नोड’ आखले. नोड म्हणजे स्टेशनाच्या आजूबाजूला वसवलेलं, शाळा-बाजार-दवाखाना पायी अंतरावर असलेलं आटोपशीर उपनगर. वाशी सगळ्यात आधी, मग नेरूळ, बेलापूर असं करत आता उलवे आणि द्रोणागिरीपर्यंत.

शहर बांधायला पैसे कुठून आले

खरी गंमत इथे आहे. राज्य सरकारने सिडकोला सुरुवातीचं भांडवल दिलं ३ कोटी ९५ लाख रुपये. सत्तरच्या दशकातही एवढ्यात शहर होत नाही. रस्ते, गटारं, पाण्याच्या वाहिन्या, खाडीचं पाणी रोखणारे बांध, हे सगळं कशातून करायचं?

उत्तर होतं, जमिनीतून. जमीन शेताच्या भावाने ताब्यात घ्यायची, तिच्यावर रस्ते-पाणी करायचं, मग तीच जमीन भूखंड पाडून वाढलेल्या भावाने द्यायची. मधल्या फरकातून पुढचा नोड. सिडकोने हिशेबाने एक ‘राखीव किंमत’ काढली. गरीब आणि अल्प उत्पन्न गटांच्या घरांसाठी जमीन त्याहून स्वस्त, श्रीमंतांच्या बंगल्यांचे आणि दुकानांचे भूखंड निविदा मागवून कितीतरी महाग. एकाकडून जास्त घेऊन दुसऱ्याला कमी भावात द्यायचं.

म्हणूनच जमीन कायमची विकून टाकली नाही, भाडेपट्ट्याने दिली. भाडेपट्टा म्हणजे ठराविक वर्षांसाठी वापराचा हक्क. सुरुवातीला एकरकमी मोठा आकार भरायचा, पुढे दरवर्षी नाममात्र भाडं. यात सिडकोचे दोन फायदे. शाळेसाठी घेतलेल्या भूखंडावर कुणी हॉटेल काढू शकत नाही, कारण मालक अजून सिडको आहे. आणि भूखंड किंवा घर हातोहात विकलं गेलं की प्रत्येक वेळी वाढलेल्या भावाचा छोटासा तुकडा हस्तांतरण शुल्काच्या रूपाने तिच्याकडे येतो. तेच ते ‘ट्रान्सफर चार्जेस’, ज्यावरून आपल्याकडे फोनवर वाद होतात.

व्यवहारात काय बघायचं? पट्टा कोणत्या वर्षी सुरू झाला आणि किती वर्षं उरली. सत्तरच्या दशकातल्या वाशीच्या पट्ट्यांची साठ वर्षं आता संपत आली आहेत. ठराविक रक्कम भरून ही मुदत ९९ वर्षांपर्यंत वाढवून घेण्याची योजना सरकारने २०१८ च्या अखेरीस आणली, त्यामुळे साठ वर्षं झाली की घराबाहेर काढतील या भीतीला अर्थ नाही. पण सोसायटीने ती रक्कम भरली आहे का, हे विचारायला हवंच. दलाल हे आपणहून सांगत नाहीत.

ज्यांची शेतं होती, त्यांचं काय झालं

वरचा हिशेब कागदावर सुरेख दिसतो. त्यात ‘जमीन शेताच्या भावाने ताब्यात घ्यायची’ हे वाक्य पटकन वाचून पुढे जाता येतं, आणि बरेच जण जातात. ती जमीन आगरी, कोळी आणि कराडी लोकांची होती. भाताची शेतं, मिठागरं, खाडीतली मासेमारी. एकूण क्षेत्रापैकी जवळपास निम्मं खाजगी मालकीचं होतं. सक्तीच्या संपादनात त्या दिवशीच्या शेताची किंमत मिळते, उद्या तिथे स्टेशन येणार म्हणून चढणाऱ्या भावातला हिस्सा मिळत नाही. शेतकऱ्याला पैसे मिळाले, ते संपले. त्याच्या बांधावरून रस्ता गेला आणि समोरच्या भूखंडाची निविदा निघाली तेव्हा आपण नक्की काय दिलं हे त्याला दिसलं.

या असंतोषाला दि. बा. पाटील यांचं नेतृत्व मिळालं. ते जासईचे, शेतकरी कामगार पक्षाचे, आमदार आणि खासदारही राहिलेले. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला उरण भागात जासई आणि नवघरजवळ आंदोलकांवर पोलिसांनी गोळीबार केला. पाच शेतकरी मारले गेले. दरवर्षी जानेवारीत त्यांना अभिवादन होतं. विमानतळाला दिबांचं नाव द्या म्हणून हजारो माणसं रस्त्यावर का उतरली, हे बाहेरच्यांना या घटनेशिवाय समजत नाही. त्यांच्यासाठी तो नुसता नामकरणाचा वाद नव्हता.

या लढ्यातून पुढे १९९० मध्ये साडेबारा टक्क्यांची योजना आली. ज्याची जमीन गेली त्याला गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत द्यायची. एका एकराचे चाळीस गुंठे धरले तर परत मिळणार पाच गुंठे. त्यातूनही सार्वजनिक सोयींसाठी काही भाग कापला जातो, म्हणजे प्रत्यक्ष हातात साडेतीन. आकडा हास्यास्पद वाटेल, पण वाशी किंवा खारघरमधले साडेतीन गुंठे भातशेतीच्या एकरापेक्षा कितीतरी पटीने महाग असतात. कल्पना बरोबर होती. ती वीस वर्षं उशिरा आली, एवढाच तिच्यातला दोष, आणि तो लहान नाही.

शिवाय भूखंड मिळाला तरी इमारत बांधायला भांडवल कुठलं? अनेकांनी ते बिल्डरला दिले. शेतकरी, सिडको आणि बिल्डर यांच्यातल्या त्या व्यवहाराला तिकडे ‘त्रिपक्षीय करार’ म्हणतात. खारघर, कामोठे, उलव्यातल्या पुष्कळ मध्यम आकाराच्या इमारती अशाच भूखंडांवर उभ्या आहेत. तुम्ही बघता आहात तो फ्लॅट ‘साडेबारा टक्क्यांचा’ असेल तर घाबरू नका, फक्त तो करार आणि वारसांच्या सह्या वकिलाकडून तपासून घ्या. एका सातबाऱ्यावर दहा वारस असणं तिकडे नेहमीचं आहे.

आणखी एक गोष्ट नकाशात बसली नाही. गावठाण, म्हणजे गावातली जुनी राहती वस्ती, संपादनातून वगळली होती. कुटुंबं वाढली, गावठाणाला वाढायला जागा नव्हती, मग लोकांनी आजूबाजूच्या संपादित जमिनीवर घरं बांधली. सरकारी भाषेत ती अनधिकृत. गावकरी त्यांना ‘गरजेपोटी बांधलेली घरं’ म्हणतात, आणि आता सरकारी आदेशांतही हाच शब्द येतो. सरळ रेषेतले सेक्टर आणि मधेच दाटीवाटीचं गाव, हे दृश्य वाशी, घणसोली, नेरूळ सगळीकडे दिसतं. पाहुण्यांना तो नियोजनाचा फज्जा वाटतो. मला ते उलटं दिसतं. गाव आधी होतं, सेक्टर नंतर आले.

आणि बडोद्याची टीपी म्हणजे?

आपल्याकडे भायली, गोत्री, वासणा या बाजूंना कुणी शेत विकायला काढलं की पहिला प्रश्न असतो, टीपी पडली का? टीपी म्हणजे टाउन प्लॅनिंग स्कीम, आणि तिचं तत्त्व जमीन विकत न घेता शहर करण्याचं आहे.

पंगत डोळ्यांसमोर आणा. पाट दाटीने, वाकडेतिकडे मांडलेत आणि वाढप्याला आत शिरायला वाट नाही. नवी मुंबईची पद्धत अशी, की सगळ्यांना उठवायचं, हातात जेवणाचे पैसे ठेवायचे, पाट नव्याने मांडायचे आणि ते जास्त दक्षिणा देणाऱ्या नव्या पाहुण्यांना द्यायचे. टीपीत कुणाला उठवत नाहीत. सगळ्यांनी थोडंथोडं आवरून, सरकून बसायचं. प्रत्येकाची जागा आक्रसते, कुणाचा पाट दोन हात बाजूला जातो, पण मधून वाट निघते आणि वाढपी सगळ्यांपर्यंत पोचतो. पूर्वी कोपऱ्यात ज्याच्या पानात काही पडत नव्हतं त्यालाही गरम पोळी मिळते.

जमिनीच्या भाषेत सांगायचं तर शे-दीडशे हेक्टरची शेतं एकत्र धरतात. प्रत्येकाच्या जमिनीतून ‘कपात’ होते. गुजरातच्या १९७६ च्या कायद्यानुसार ती निम्म्यापर्यंत जाऊ शकते, व्यवहारात बहुधा चाळीस टक्क्यांच्या आसपास असते. त्यातून रस्ते, बागा, शाळा, गरिबांची घरं आणि खर्च भागवायला विकायचे थोडे भूखंड निघतात. उरलेला भाग मालकाला चौकोनी, रस्त्याला लागून असलेल्या ‘अंतिम भूखंडा’च्या रूपाने परत मिळतो. वाढलेल्या भावातला काही हिस्सा त्याने प्राधिकरणाला सुधारणा आकार म्हणून द्यायचा असतो. वुडा, म्हणजे बडोद्याचं नागरी विकास प्राधिकरण, १९७८ पासून बडोद्याभोवती हेच करते आहे. शेतकऱ्याची जमीन घटली तरी मालकी त्याचीच राहते, म्हणून इथे साठ वर्षांच्या पट्ट्याचा प्रश्नच येत नाही आणि आपल्याला तो विचित्र वाटतो.

ही पद्धत आपण गुजरातची म्हणून मिरवतो खरं, पण तिचा पहिला कायदा मुंबई इलाख्यात १९१५ मध्ये झाला. बांद्रा, सांताक्रूझ, विलेपार्ले, माहीम इथल्या टीपी याच कायद्याखालच्या. पुढे महाराष्ट्राच्या १९६६ च्या कायद्यातही ती तरतूद राहिली, पण अनेक दशकं तिला जवळजवळ कुणी हात लावला नाही. गुजरातने ती चालू ठेवली. बडोदं संस्थानात असल्याने आपल्याला तो कायदा उशिरा लागू झाला, हा भाग वेगळा.

मग आपलीच पद्धत बरी की!

इतक्या घाईने नको. टीपीत मालकाला न्याय मिळतो. पण ज्याच्या नावावर जमीनच नाही त्याचं काय? दुसऱ्याच्या शेतावर राबणारा मजूर, कसणारा पण कागदावर नसलेला माणूस, यांना अंतिम भूखंड मिळत नाही. सिडकोच्या पद्धतीत शेतकऱ्यावर अन्याय झाला, पण जमीन एका हातात असल्यामुळे सुरुवातीच्या काळात तिने लहान घरं मोठ्या संख्येने बांधली. वाशीतल्या त्या जुन्या इमारतींच्या दर्जाबद्दल न बोललेलं बरं. काही इतक्या खिळखिळ्या झाल्या की पुनर्विकासाशिवाय इलाज राहिला नाही. पण गिरणीतला कामगार किंवा शाळामास्तर स्वतःच्या घरात राहायला जाऊ शकला. बेलापूरला कोरियांनी ऐंशीच्या दशकात केलेलं आर्टिस्ट व्हिलेज याच विचारातलं. सात-सात घरांच्या मधे एक अंगण, कोणत्याही दोन घरांची भिंत सामाईक नाही, म्हणजे पैसे येतील तसं ज्याने त्याने आपलं घर वाढवावं. लोकांनी वाढवलं. मूळ घरं आता शोधावी लागतात. वास्तुकलेचे विद्यार्थी हळहळतात, राहणारे खूष आहेत.

दुसरं म्हणजे वेळ. टीपी जाहीर झाल्यापासून अंतिम होईपर्यंत वर्षांमागून वर्षं जातात. आणि टीपी शेताच्या तुकड्यांना धरून चालते, त्यामुळे भल्यामोठ्या एकसंध गोष्टीसाठी, म्हणजे बंदर, विमानतळ किंवा पाण्याची व्यवस्था यांसाठी ती तोकडी पडते. जवाहरलाल नेहरू बंदर १९८९ मध्ये न्हावा-शेवाला सुरू झालं. ते टीपीतून झालं नसतं.

समुद्राकाठी आणि तेही भरतीच्या पातळीखाली?

बडोद्याच्या माणसाने नवी मुंबईकडून खरं काही शिकावं तर ते इथे. शहराचा मोठा भाग खाजणावर, म्हणजे खाडीकाठच्या दलदलीच्या जमिनीवर आहे, काही ठिकाणी जमीन मोठ्या भरतीच्या पातळीच्याही खाली. भराव घालून सगळंच उंच करणं परवडणारं नव्हतं. मग डच लोकांसारखी युक्ती केली. खाडीच्या बाजूने बांध घातले आणि नोडांमध्ये ‘धारण तलाव’ खोदले.

त्यांचं काम सोपं आहे. पाऊस आणि भरती एकाच वेळी आली की गटारांचं पाणी खाडीत जाऊ शकत नाही, उलट खाडी आत शिरू बघते. तेव्हा तलावाच्या तोंडाची झडप पाण्याच्या दाबाने आपोआप बंद होते. शहराचं पाणी तलावात साठतं. काही तासांनी ओहोटी लागली की झडप उघडते आणि तलाव रिकामा होतो. भरती-ओहोटीचं चक्र दिवसातून दोनदा फिरतं, त्यामुळे तलावाला फक्त मधले तास काढायचे असतात.

मग वाशी-बेलापूरला अजूनही पाणी का भरतं? तलाव गाळाने भरले, आणि गाळात खारफुटी वाढली. खारफुटी तोडायला उच्च न्यायालयाची मनाई आहे, तीही योग्य कारणांसाठी, कारण हीच झाडं किनारा राखतात. आता गाळ काढायचा तर झाडं तोडावी लागतात, झाडं ठेवायची तर शहर बुडतं. निसर्गप्रेमी विरुद्ध विकासवाले अशी सोपी मांडणी इथे लागू पडत नाही. दरवर्षी गाळ काढला असता तर ही वेळ आली नसती. याच किनाऱ्यावर फ्लेमिंगोंचे थवे उतरतात. ठाणे खाडीचं अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झालं आणि २०२२ मध्ये तिला रामसर स्थळाचा, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला. त्याच वेळी विमानतळासाठी उलव्याची नव्वदेक मीटरची टेकडी कापली गेली, नदीचा प्रवाह वळवला आणि दहा गावं हलवली. दोन्ही गोष्टी एकाच शहराच्या.

ऑगस्ट २०२४ मध्ये बडोद्यात विश्वामित्रीच्या पुराने आपल्याला जे दाखवलं ते आठवा. आपल्याकडे समुद्र नाही, पण नदीची कोतरं (घळी) आणि जुने तलाव हेच आपले धारण तलाव होते. टीपी आखताना प्रत्येकाला भूखंड परत द्यायचा असतो, त्यामुळे पाण्यासाठी जागा सोडा असं म्हणणारा नकाशावर एकटा पडतो. पाण्याच्या नावाने अर्ज करायला कुणी येत नाही.

मुंबईची गर्दी तरी कमी झाली का?

नाही. सरकारने मंत्रालय हलवलं नाही. उलट सत्तरच्या दशकात नरिमन पॉइंटला समुद्रात भर घालून कार्यालयांचे भूखंड विकले, आणि १९८१ मध्ये नवं विधान भवनही तिथेच उभं राहिलं. स्वतःच वसवलेल्या शहराशी स्वतःच स्पर्धा! बेलापूरला कोकण भवन आलं, कांदा-बटाटा, मसाले, धान्य यांचे घाऊक बाजार तुर्भे-वाशीला आणि लोखंडाचा बाजार कळंबोलीला गेला, पण साहेब लोक मुंबईतच राहिले. खाडीवरचा रस्तापूल १९७३ च्या सुमारास झाला. रेल्वे वाशीला पोचायला मात्र १९९२ उजाडलं, तीही सिडकोने दोन तृतीयांश खर्च उचलला तेव्हा. त्याआधीची वीस वर्षं वाशीत राहणं म्हणजे बसची वाट बघणं.

तरी शहर श्रीमंत आहेच ना?

आहे. १९९२ मध्ये आलेल्या महापालिकेकडे मोरबे हे स्वतःच्या मालकीचं धरण आहे, असं सांगू शकणाऱ्या महापालिका देशात थोड्याच. स्वच्छ सर्वेक्षणात ती वरच्या क्रमांकांत असते (पहिल्या क्रमांकाबद्दल आपल्या इंदूरच्या नातेवाइकांशी वाद घालू नये). पाम बीच रस्त्यावरच्या इमारती, सीवूड्सची खाडीकडे तोंड असलेली घरं, स्टेशनांवरच बांधलेली कार्यालयं, हा पैसा खरा आहे. २०११ च्या जनगणनेत महापालिका हद्दीतच लोकसंख्या ११ लाखांवर होती. ‘अटल सेतू’चं १२ जानेवारी २०२४ ला उद्घाटन झाल्यावर शिवडीहून पलीकडे जाणारा जवळपास २२ किलोमीटरचा रस्ता मिळाला आणि उलवे एकदम मुंबईच्या शेजारी आलं.

पण या श्रीमंतीत एक खोच आहे. शहर चालवणारी संस्था आणि जमीन विकणारी संस्था वेगळ्या आहेत. शाळा, रस्ते, गटारं नोड हस्तांतरित झाले की महापालिकेच्या गळ्यात. मोकळे भूखंड सिडकोकडे. त्यामुळे मैदान वाटणारी जागा एके दिवशी निविदेत निघते आणि रहिवासी न्यायालयात जातात. जमिनीच्या विक्रीवर जगणाऱ्या संस्थेला विक्री थांबवणं जड जातं. नवा फ्लॅट घेताना खिडकीतून दिसणारी मोकळी जागा विकास आराखड्यात काय म्हणून दाखवली आहे, ते बघून घ्यावं.

नैना : टीपी खाडी ओलांडते

आता गोष्ट फिरून आपल्याजवळ येते. विमानतळाच्या आजूबाजूच्या पनवेल-उरण पट्ट्यासाठी २०१३ मध्ये सिडकोला ‘नैना’ या मोठ्या क्षेत्राचं नियोजन मिळालं. १९८४ च्या गोळीबारानंतर सक्तीचं संपादन पुन्हा करण्याची हिंमत कुणातच नव्हती, आणि भूसंपादनाच्या नव्या कायद्यामुळे ते परवडणारंही नव्हतं. म्हणून सिडकोने तिथे टीपी सुरू केल्या, गुजरातच्या वळणाच्या. शेतकऱ्याने साठ टक्के जमीन द्यायची, चाळीस टक्क्यांचा अंतिम भूखंड घ्यायचा. बदल्यात त्या भूखंडावर जास्त एफएसआय, म्हणजे भूखंडाच्या क्षेत्रफळाच्या अडीच पटीपर्यंत बांधकामाची मुभा.

बडोद्याच्या मानाने कपात जास्त आहे, आणि पनवेलच्या गावांतून विरोधही होतो आहे. त्यांचा आक्षेप समजण्यासारखा आहे. जास्त बांधकामाची मुभा म्हणजे पैसे नव्हेत. बिल्डर आला तरच तिचे पैसे होतात, आणि बिल्डर येतो रस्ता आणि पाणी आल्यावर. गुजरातनेही हे अनुभवाने ओळखलं होतं. टीपी अंतिम होईपर्यंत थांबलं तर रस्ताच होत नाही, म्हणून १९९९ मध्ये कायदा बदलून मसुदा मंजूर होताच रस्त्यांची जमीन ताब्यात घ्यायची सोय केली. आपल्या बाजूला भूखंडांचे आकडे कागदावर अजून हलत असताना डांबरी रस्ता आधी दिसतो तो याच दुरुस्तीमुळे. नैनातल्या शेतकऱ्याच्या चाळीस टक्क्यांना किती भाव येणार, हे तिथले रस्ते किती लवकर पडतात यावर ठरेल.